एक खिडकी हवीच, पण तोडीची यादी उघडी हवी



कारखान्याचा सगळा कारभार संगणकाच्या एकाच 'पोर्टल'वर आणावा, अशी चर्चा सध्या चालू आहे. सभासदाने मोबाइल उघडला की उसाची नोंद, तोडीची पाळी, काट्यावरचं वजन, बिल, कपाती, शेअर्स आणि ठेवी हे सारं एका जागी दिसावं, अशी ही कल्पना. आमचं मत विचाराल तर पोर्टल जरूर यावं. पण वीस वर्षं बांध तुडवताना आम्हाला जे दिसलं, ते या निमित्ताने सांगितलं पाहिजे.

आज काय होतं? लागणीची तारीख बघायची तर गट ऑफिस, वजन बघायचं तर काटा, बिलाला अकाउंट, शेअर्सला तिसऱ्या मजल्यावर, आणि कर्जकपात कळायला सोसायटीचा सेक्रेटरी. प्रत्येक टेबलावर संगणक आहे, तरी सभासदाची पायपीट चुकलेली नाही. कारण प्रत्येक खात्याने आपापला प्रोग्राम आपापल्या सवडीने घेतला. शेअर्सकडे सभासद क्रमांक, आमच्याकडे ऊस उत्पादकाचा कोड, बँकेकडे खाते नंबर, आणि तलाठ्याकडे गट नंबर. हे चार आकडे एकाच माणसाचे आहेत हे माणसाला माहीत असतं, संगणकाला नसतं.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या सर्कलमधले एक वयोवृद्ध सभासद वारले. शेअर त्यांच्या नावावर, उसाची नोंद थोरल्या मुलाच्या, सातबारा सामाईक, आणि बँकेचं खातं धाकट्याचं. आडसाली ऊस वेळेवर तुटला, वजन भरलं, पण बिल अडकलं. पोरगं चार टेबलं फिरलं. प्रत्येक टेबल म्हणालं, "आमच्याकडे बरोबर आहे." तेही खोटं नव्हतं! 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. त्या घरात बिल पोचायला दुसरा महिना उजाडला.

आता पोर्टल म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. पोर्टल ही वही नव्हे, खिडकी आहे. मागे काट्याची वही वेगळी, अकाउंटची वेगळी, आमची वेगळी; पोर्टल त्या सगळ्यांतून ज्याला जे बघण्याचा अधिकार आहे तेवढं काढून एका पानावर मांडतं. चिटबॉयला त्याच्या गावाचे प्लॉट, अकाउंटंटला बिलं, सभासदाला त्याचं खातं. मोठ्या कंपन्यांत हा प्रकार 1998 च्या सुमारास नावारूपाला आला. त्या साली अमेरिकेतल्या मेरिल लिंच या पेढीच्या अहवालाने त्याला नाव दिलं आणि मग बड्या बड्या संगणक कंपन्या या धंद्यात उतरल्या.

गंमत अशी की त्याच 1998 साली आपल्याकडे वारणा खोऱ्यात असाच एक प्रयोग सुरू झाला. केंद्र आणि राज्य सरकारच्या मदतीने वारणेच्या सहकारी संस्थांनी कोल्हापूर-सांगलीकडच्या सत्तर गावांसाठी संगणक केंद्रं उभी केली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण अशा पुष्कळ गोष्टी त्यातून गावाला मिळतील अशी अपेक्षा होती. पुढे संशोधकांनी पाहणी केली तेव्हा दिसलं, की लोक मुख्यतः उसाच्या कामासाठीच तिथे येतात : नोंद, तोडीचा परवाना, वजन. गावात संगणक सांभाळणंही जड जात होतं. म्हणून 2006-07 च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसने हीच माहिती देऊन पाहिली, आणि ती पद्धत स्वस्तात चालली. सभासदाला देखणं पान नको, त्याला तीन-चार गोष्टींची उत्तरं हवीत. आपण पोर्टल करताना पहिल्या पानावर हवामान, बातम्या आणि संचालक मंडळाचे फोटो भरून ठेवले, तर लोक दोनदा उघडतील आणि तिसऱ्यांदा चिटबॉयलाच फोन लावतील.

त्या उत्तरांपैकी सर्वांत मोठं उत्तर म्हणजे "माझी तोड कधी?" इथे आम्ही आमच्याच खात्याविरुद्ध बोलतो आहोत, याची जाणीव आहे. पोर्टलच्या आराखड्यात सभासदाला फक्त स्वतःचा पाळी क्रमांक दिसेल असं ठरतंय. आमचं म्हणणं, गावाची संपूर्ण यादी दिसावी. प्लॉट, लागणीची तारीख, जात, क्षेत्र, पाळी क्रमांक, आणि तोड झाली असल्यास तारीख. नुसता आपला नंबर 140 आहे हे कळून काय उपयोग? पुढचे 139 खरोखर पुढचे आहेत की कुणाचा खोडवा मधेच घुसला, हे कळलं पाहिजे.

पाळी मोडावी लागते, हे आम्हीही जाणतो. ऊस जळतो, पानंद चिखलाने बंद होते, मशीन मोठ्या सरीतच चालतं, टोळी अर्ध्यावर उठून जाते. त्या वेळी निर्णय सर्कलवरच घ्यावा लागतो. पण मोडली तर का मोडली, हे त्या ओळीपुढे लिहिलेलं असावं. आज ते कारण आमच्या डायरीत असतं, आणि डायरी आमच्या खिशात. कारण रास्त असलं तरी लोक वशिलाच समजतात, आणि कधीकधी तो असतोही. यादी उघडी झाली तर आम्हाला फोन जास्त येतील हे कबूल. मार्चमध्ये उभ्या उसाचं वजन घटताना बघणाऱ्या माणसाच्या मानाने तो त्रास फार नाही.

कर्ज, कपाती, बँक खातं हे मात्र ज्याचं त्यालाच दिसावं. कुणाच्या घरात किती वसुली लागली हे भावकीने बघायचं कारण नाही. हे दोन कप्पे वेगळे ठेवणं पोर्टलला सहज जमतं. नव्हे, तेच तर त्याचं खरं काम. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दर सोमवारी तीच यादी छापून गट ऑफिसच्या फळ्यावर लागावी.

आणखी एक सूचना खरेदी समितीला. या धंद्यातल्या कंपन्या हात बदलतात. प्लमट्री नावाची नामांकित पोर्टल कंपनी 2005 मध्ये बीईएने घेतली, बीईएला 2008 मध्ये ओरॅकलने घेतलं. आयबीएमचं पोर्टल 2019 मध्ये आपल्या भारतातल्या एचसीएलकडे गेलं. तेव्हा करारात एक कलम हवंच : कंपनी कुणाचीही होवो, सभासदांच्या नोंदी कारखान्याच्या मालकीच्या, आणि मागू तेव्हा वाचता येतील अशा स्वरूपात परत.

राहिलं नोंदींचं. खिडकी कितीही मोठी केली तरी वहीतली चूक त्यातून मोठीच दिसणार. म्हणून पोर्टल सुरू होण्यापूर्वी एक काम सभासदांनी आणि आम्ही मिळून उरकायचं आहे. येत्या महिन्यात चिटबॉय प्रत्येक घरी एक छापील कागद घेऊन येईल. त्यावर सभासद क्रमांक, ऊस नोंदीवरचं नाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख आणि बँक खातं असेल. घाईत सही करू नका. सातबारा आणि पासबुक शेजारी ठेवून वाचा. घरात कुणी वारलं असेल तर वारसनोंदीचे कागद त्याच वेळी द्या. आणि क्षेत्र वाढवून लिहिलेलं असेल तर तेही सांगा. आमच्या माणसानेच लिहिलं असलं तरी सांगा.

— ऊस विकास अधिकारी, शेती खाते