जन्मापुरतीच नोंद?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांना यश येऊन 'टेस्ट ट्यूब' कन्या जन्मास आली. ही मुलगी इतरांसारखी वाढेल काय, अशी शंका त्या वेळी साहजिकच होती. २०१६ मध्ये ती स्वतः माता झाली. तथापि एका व्यक्तीचे कुशल हा लाखोंच्या आरोग्याचा पुरावा नव्हे.

तसा पुरावा डेन्मार्क, स्वीडन आदी देशांनी जमविला. तेथे प्रत्येक नागरिकास जन्मतःच क्रमांक मिळतो आणि उपचार, जन्म व आजारपण यांच्या नोंदी त्यावरून जोडता येतात. निष्कर्ष बहुतांशी दिलासा देणारे आहेत. शालेय प्रगतीत ही मुले मागे नाहीत. जन्मजात व्यंगांचे प्रमाण किंचित अधिक आढळते. त्याचा काही भाग मातापित्यांच्या वंध्यत्वाशीच निगडित असावा. हृदयविकारासारख्या उतारवयातील व्याधींविषयी निर्णय देण्यास मात्र ही पिढी अद्याप तरुण आहे. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ लुईस ब्राऊन हिचा जन्मच १९७८ चा.

मोठा धोका नळीत नव्हता, हिशेबात होता. यशाची शक्यता वाढावी म्हणून गर्भाशयात एकदम दोन-तीन भ्रूण सोडले जात. त्यातून जुळी-तिळी, अकाली प्रसूती, कमी वजन आणि पुढची दुखणी. पदरच्या पैशाने उपचार घेणारे शिक्षक दांपत्य एकाच खर्चात दोन मुले मिळत असता नको कसे म्हणणार? यशाचा आकडा केंद्राच्या खाती जमा होतो. काचेच्या पेटीतल्या बाळाचे बिल मात्र बापाच्या, नाहीतर सरकारी इस्पितळाच्या माथी! स्वीडनने २००३ पासून सामान्यतः एकच भ्रूण हा दंडक घातला आणि जुळ्यांचे प्रमाण झपाट्याने घसरले. अर्थात तेथे उपचाराचा बराच भार सरकारी तिजोरी उचलते, हे विसरता येत नाही.

भारतातही २०२१ च्या कायद्याखाली भ्रूणांच्या संख्येवर बंधन आले. ते योग्यच झाले. केंद्रांनी दहा वर्षे कागदपत्रे जपून पुढे ती राष्ट्रीय नोंदवहीकडे द्यावयाची आहेत. परंतु मूल पंधराव्या वा चाळिसाव्या वर्षी कसे आहे, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरही टाकलेली नाही. घराण्याच्या अब्रूपायी अनेक कुटुंबे हा उपचार लपवितात, ही अडचण खरी. म्हणूनच नावाऐवजी केवळ क्रमांक ठेवून, पालकांच्या संमतीने, निदान सरकारी रुग्णालयांतील जन्मांपासून तरी हे काम सुरू व्हावे. त्याचा खर्च केंद्रांच्या नोंदणी शुल्कातून भागविण्यास हरकत नसावी.