धाकट्या आईच्या मुलीची हजेरी

शहापूर तालुक्यातलं डेंगणमाळ 2015 च्या सुमारास जगभरच्या बातम्यांत आलं. पाणी भरायला माणूस हवं म्हणून तिथले काही पुरुष दुसरं, क्वचित तिसरं लग्न करतात. त्या बाईला 'पाणीवाली बाई' म्हणतात. बहुतेकदा ती विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असते. मुंबईला पाणी देणारं भातसा धरण याच तालुक्यात आहे, याचा संताप तेव्हा अनेकांनी व्यक्त केला. त्या घरातल्या मुलांच्या शाळेचं काय होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

मी याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. दोन बायकांच्या घरातली मुलं अभ्यासात मागे पडतात का, असं मला विचारतात. माझं उत्तर असं, की कुठल्या आईचं मूल ते आधी सांगा.

माझ्या वर्गात एकाच घरातली दोन मुलं होती. मुलगा मोठ्या आईचा, मुलगी धाकटीची, पहिल्या नवऱ्यापासूनची. धाकटी पाण्याला जाऊ लागल्यावर मोठीला सवड मिळाली. मुलगा वेळेवर येई, पाढे पाठ करून येई, पालकसभेला त्याची आई पुढे बसलेली असे. मुलगी मार्चनंतर परिपाठ संपल्यावर उगवायची. खांद्यावर फ्रॉक ओला, आणि दप्तरात वह्यांच्या शेजारी चुंबळ. गणितात ती त्याच्यापेक्षा हुशार होती. पहिल्या तासाला जे शिकवलं, तेवढंच तिचं राहून जायचं. पाचवीनंतर तिची शाळा सुटली.

त्या दोघांच्या गुणांची सरासरी काढली तर घर बरं दिसेल. म्हणून अशा आकड्यांवर माझा भरवसा नाही. एका मुलाला मिळालेला आईचा वेळ दुसऱ्या मुलीच्या बालपणातून वजा झालेला असतो. एकाच बायकोच्या घरातही थोरल्या मुलीवर ही पाळी येतेच. दोन बायकांच्या घरात ती कोणावर येणार, हे लग्नाच्या दिवशीच ठरतं.

कागदाचा अन्याय वेगळाच. रेशनकार्डावर मोठीचं नाव, म्हणून धाकटीच्या मुलांच्या दाखल्यावरही आई म्हणून तिचंच नाव लागलेलं मी पाहिलं आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्य सरकारने बंधनकारक केलं आहे. ही मुलं शाळेत येतील तेव्हा त्या रकान्यात जन्मदात्या आईचंच नाव लागलं पाहिजे. मुंबई प्रांतात 1946 मध्ये आणि देशभर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंच्या द्विभार्या लग्नाला बंदी आली, ती योग्यच होती. पण त्याच कायद्याचं सोळावं कलम अशा लग्नाच्या मुलांना औरस मानतं. लग्न बेकायदा ठरलं तरी मूल बेकायदा ठरत नाही, हे प्रवेशाच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.4 टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगितलं. प्रमाण थोडं आहे म्हणून कोणी हे घरगुती प्रकरण समजू नये. पाड्यावर बारमाही चालणारा नळ आणि मार्च ते जून मुलींच्या पहिल्या तासाच्या हजेरीची वेगळी नोंद, या दोन गोष्टी मी ग्रामसभेत मागितल्या आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाने त्या मागाव्यात.