परड्यातील तयार शेड : पत्र्याची जाडी बिलावर लिहा

मृग नक्षत्र निघण्याआधी परड्यातले जळण, शेणी आणि वैरण झाकून घेण्याची धांदल गगनबावड्यात पूर्वापार चालत आली आहे. त्यासाठी गवताची किंवा कौलांची खोप पुरत असे. आता गवत शाकारणारे हात कमी झाले, कौले महागली आणि तयार लोखंडी शेडची चलती सुरू झाली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत असा सांगाडा बेतून घेता येतो, टेम्पोतून घाटमाथ्यावर आणता येतो आणि एक-दोन दिवसांत नटबोल्टवर उभा करता येतो. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण ही शेड ज्या पद्धतीने विकली जाते, त्याविषयी आम्हाला काही स्पष्ट बोलावयाचे आहे.

शेडचा भाव चौरस फुटावर सांगितला जातो. दहा बाय बाराची शेड, इतके रुपये फूट, बसवणीसह. गिऱ्हाईक दोन-तीन ठिकाणी विचारतो आणि जिथे फुटामागे दहा रुपये कमी, तिथे इसार देऊन मोकळा होतो. पत्रा किती जाडीचा, त्यावर जस्त किती, खांब जमिनीत किती खोल, हे तो विचारीत नाही आणि विकणारा आपण होऊन सांगत नाही. एकाच जिल्ह्यात शिरोळला वर्षाकाठी सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि गगनबावड्यात काही वर्षी पाच हजारांच्याही पुढे. तिन्ही ठिकाणी तीच शेड त्याच भावाने विकणे हा व्यापार नव्हे, अशी आमची धारणा आहे.

हिशेब करून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा बाय बाराचे छप्पर सुमारे अकरा चौरस मीटरचे. ज्या दिवशी शंभर मिलिमीटर पाऊस होतो, आणि गगनबावड्याला असे दिवस नवे नाहीत, त्या दिवशी एवढ्याशा छपरावरून अकराशे लिटर पाणी वाहते. उतार कमी असेल तर वाऱ्याने हे पाणी पत्र्यांच्या जोडातून उलटे आत चढते. म्हणून दहा फूट रुंदीच्या एकपाखी शेडला मागच्या आणि पुढच्या उंचीत निदान साडेतीन फुटांचा फरक हवा. सपाटीवरच्या नमुन्यात तो फूटभरच ठेवलेला असतो, कारण त्यात पत्रा वाचतो.

आता पत्र्याकडे येऊ. बाजारात अजून गेजची भाषा चालते. प्रमाणित कोष्टकात 24 गेज म्हणजे 0.559 मिलिमीटर, 26 गेज म्हणजे 0.457 आणि 28 गेज म्हणजे 0.376. तोंडी सव्वीस सांगून अठ्ठावीसचा पत्रा दिला, तर उघड्या डोळ्यांना फरक कळणे कठीण. रंगीत पत्र्यात आणखी एक मेख आहे. सांगितलेली जाडी रंग धरून की रंगाशिवाय, हे कोणी स्पष्ट करीत नाही. जस्ताचेही तसेच. पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 120 ग्रॅम जस्त असलेला माल आणि 275 ग्रॅमचा माल दुकानात सारखाच चमकतो, पण गंज धरायला लागणारा काळ साधारण त्याच प्रमाणात कमी-अधिक होतो. अखंड ओल्या हवेत हा फरक काही हंगामांतच दिसू लागतो.

यावर साधा उपाय आहे आणि तो प्रत्येक दुकानात असतो. तो म्हणजे तराजू. चार फूट रुंदीच्या रोलमधून पन्हाळी पाडलेला दहा फुटी पत्रा 0.50 मिलिमीटर जाडीचा असेल तर साडेचौदा किलोच्या जवळपास भरतो; 0.35 चा असेल तर जेमतेम दहा किलो. टेम्पोतून उतरवताना एक पत्रा काट्यावर ठेवावा. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना दिलेला इशारा केवळ धान्याच्या पायलीपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही.

फॅब्रिकेशन, वेल्डिंग आणि पत्र्याच्या धंद्यात आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. सहीह मुस्लिममधील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. आदरणीय प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या एका राशीपाशी आले, आत हात घातला तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. तेव्हा भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, असे बजावले. पाऊस पडणे हा त्या व्यापाऱ्याचा दोष नव्हता. दोष लपवण्यात होता. हलका पत्रा विकणेही गुन्हा नाही. गरिबाला तोच परवडत असेल तर तोच द्यावा, पण हलका म्हणून द्यावा. बिलावर जाडी, जस्ताचे वजन आणि खांबाचे माप लिहून देण्याची प्रथा आपल्या कारागिरांनी आपण होऊन सुरू केली, तर पहिल्या वर्षी दोन गिऱ्हाइके कमी येतील. आमची त्यास हरकत नाही.

व्यवहार कसा ठरवावा, याचीही तरतूद आपल्याकडे आहे. कारागिराकडून वस्तू बनवून घेण्याचा जो करार, त्याला हनफी फिक्हमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन आधी नेमके ठरले पाहिजे. पैसे मात्र टप्प्याटप्प्याने देता येतात. (घाटाखालच्या शाफई बांधवांकडे अशा व्यवहाराला सलमचा नियम लावला जातो आणि त्यात पूर्ण रक्कम आगाऊ द्यावी लागते, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.) निम्मी रक्कम कामाआधी, मोठा भाग उभारणीनंतर आणि एक दशांश पहिली झड ओसरल्यावर, असे लिहून घेण्यात कारागिराचा अपमान नाही. व्याजी हप्त्यावर शेड घेण्यापेक्षा दोन फूट लहान घेतलेली बरी.

शेडच्या आत काय ठेवणार, हा प्रश्न खरे तर सर्वांत आधीचा. जळणाला भिंत नकोच; वर छप्पर आणि बाजूला फळ्यांची फटीफटीची आड पुरे, वारा खेळला की लाकूड वाळते. सिमेंट आणि खताचे मात्र उलट. चारी बाजूंनी बंद पत्र्याच्या खोक्यात रात्री गारवा आला की पत्र्याला आतून घाम सुटतो आणि छप्पर न गळताही पोत्यावर थेंब पडतात. वळचणीखाली जाळीचे झरोके ठेवल्याशिवाय हे थांबत नाही. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूट-दीड फूट दूर रचावीत. खताचे क्षार पत्रा खातात, म्हणून खत आणि अवजारे एका शेडमध्ये ठेवू नयेत. एका लहान दुकानदाराची वीस पोती सिमेंट दगड झाली, तर त्याच्या हंगामाचा नफाच गेला.

बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याला ओल लागू देऊ नये, आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हात द्यावी, अशा अर्थाची सूचना आहे. तीनशे वर्षांपूर्वी या डोंगरांचा कारभार पाहणाऱ्याला ओल हा केवढा शत्रू आहे हे माहीत होते. आजचे छापील माहितीपत्रक रंगाच्या बारा छटा दाखवते आणि झरोक्याविषयी अक्षर काढीत नाही.

राहिले जोते. जांभ्याचे किंवा काँक्रीटचे, जमिनीपासून निदान दीड फूट उंच, आणि खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये. नुसत्या फरशीवर खिळलेली हलकी शेड घाटातला वारा उचलून नेतो. छपराचे स्क्रू रबरी वॉशरचे असावेत आणि ते पन्हाळीच्या खोलगट भागात न मारता उंचवट्यावर मारावेत. हे काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकावे; वळवाचा पाऊस सुरू झाला की काँक्रीट धड सुकत नाही आणि कारागीरही घाईत असतो.