घर आणि शाळा : वाचलं खरं, पण कळलं का?

मागच्या महिन्यात एक कुटुंब आमच्याकडे जेवायला आलं होतं. त्यांच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी इंग्रजी गोष्ट वाचून दाखवली. 'द कब हिड इन द डेन.' कुठे अडखळणं नाही, उच्चार खणखणीत. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग सहज विचारलं, "कोण लपलं रे? आणि कुठे?" स्वारी गप्प! अक्षरं जुळवून शब्द म्हणता येत होता. पण तो बोलण्यात कधी कानावरच पडला नव्हता.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली हेच गणितात मांडलं. वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार! एक बाजू शून्य, की उत्तर शून्य. अमेरिकेत २००६ साली निघालेल्या एका राष्ट्रीय अहवालातही हेच दिसतं: घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं शब्द वाचण्यात इतरांच्या बरोबरीने येतात, पण अर्थ लावण्यात बरेचदा मागे राहतात. पहिलीत हे झाकून जातं. पुस्तकं सोपी, चित्रं भरपूर.

यावर उपाय म्हणून काहीजण घरातलं मराठीच बंद करतात. शाळेच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता?' या प्रश्नापुढे 'इंग्लिश' ठोकून देणारेही कमी नाहीत. मुलावर शिक्का नको ना! (आम्हीही थोरलीच्या वेळी तेच केलं होतं, आता कबूल करायला हरकत नाही.) मग इंग्रजीची चाचणी होत नाही, आणि हक्काची मदतही जाते. खरं तर चाचणीत मूल तयार निघालं तर प्रश्नच मिटतो, आणि मदत नको असेल तर पालकांना नाही म्हणता येतं.

त्या दिवशी आजींनी सुनेला विचारलं, "डेन म्हणजे काय गं?"

"गुहा, आई."

पोराचे डोळे चमकले. "ती बोलणारी गुहा? कोल्ह्याची?" ती गोष्ट आजींनीच सांगितलेली. म्हणजे गुहा त्याच्याकडे होतीच, फक्त तिचं इंग्रजी नाव नव्हतं! 'कब' म्हणजे अस्वलाचं पिल्लू, हेही मग कळलं. त्याने पुस्तक पुन्हा पहिल्यापासून काढलं. या खेपेला वाचन हळू, चित्रांवर बोट ठेवून, मधेमधे आजींना मराठीत समजावत. पानं वाढून ठेवलेली, पण उठायला कोणी तयार नव्हतं.