डबा तोच!

पाइप ओढणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे तो विचारवंत असतो आणि दुसरा म्हणजे तो पैसेवाला असतो. पहिला गैरसमज मी गेली पंचेचाळीस वर्षं मोठ्या कष्टानं टिकवून धरला आहे. दुसरा मात्र, निदान आमच्या घरापुरता, सौभाग्यवतींनी तंबाखूच्या डब्यावरची किंमत वाचली त्याच दिवशी मिटला. वास्तविक पाइपवाल्याला विचार करायला सवडच नसते. कोरणं, भरणं, दाबणं, पेटवणं आणि विझला म्हणून पुन्हा पेटवणं यांतच त्याचा दिवस जातो. तोंडात पाइप असताना बोलता येत नाही, एवढंच. आणि न बोलणारा माणूस आपल्याकडे शहाणा समजला जातो.

तंबाखू वाईट, हे मला मान्य आहे. डॉक्टरांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मीच त्यांना पाठ म्हणून दाखवतो. तडजोडीअंती आठवड्याला एक, रविवारी संध्याकाळी, असा आमचा तह झाला आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी पाइप विकत घ्यायला धावू नये. माझं भांडण तंबाखूच्या बाजूनं नाहीच. माझं भांडण डब्याशी आहे.

भांडणाचं मूळ असं. ज्या मिक्श्चरवर मी उमेदीची वर्षं काढली, त्याचा नवा डबा मध्यंतरी आणला. (नाव सांगत नाही. भांडण असलं तरी जुनी ओळख आहे.) झाकणावर तेच चित्र, तीच अक्षरं, तोच रुबाब. पाइप भरला, पेटवला आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटलं. दुकानदाराला तसं सांगितलं, तर तो पोरगेलासा गृहस्थ मान तिरकी करून म्हणाला, "काका, माल तोच आहे हो. वयाप्रमाणे टेस्ट बदलते."

वाचकहो, या एका वाक्यावर आजच्या जगाचा सगळा व्यापार चालला आहे. बिस्किट पातळ झालं, तुमचा हात जाड झाला. साबणाला फेस येत नाही, तुमच्या नळाला पाणी बरं येत नाही. साठी उलटलेला माणूस हा तर बोलून चालून बिनपगारी आरोपी. काहीही बिघडलं की त्याच्या जिभेवर, कानावर नाहीतर डोक्यावर ढकलून मोकळं व्हावं.

आता जिभेचं म्हणाल तर वय झालं की नाक मंदावतं, आणि पाइपची निम्म्याहून अधिक चव नाकातच असते, हे शास्त्र मलाही ठाऊक आहे. पण मग आमच्या घरचं कैरीचं लोणचं मला अजून तसंच्या तसं कसं लागतं? आमटीत आमसूल कमी पडलं की ते मला उंबऱ्यातून कसं कळतं? माझी जीभ नेमकी यांच्याच डब्यापुरती म्हातारी होते की काय?

दुकानदाराचं खरं असायला एक वाट होती. तंबाखू खरोखरच मुरते आणि मुरताना बदलते. व्हर्जिनियाच्या पानात साखर भरपूर. हवाबंद डब्यात ती वर्षानुवर्षं पडून राहिली की आतल्या आत हळूहळू काहीतरी शिजत राहतं. पानाचा रंग गडद होतो, जिभेला झोंबणारी धार बोथट होते आणि झाकण उघडल्यावर सुक्या मनुकांसारखा वास येतो. पहिल्या पाच-सहा वर्षांत हा फरक चांगला जाणवतो, पुढे वेग मंदावतो. बर्लीच्या पानात साखर बेताची, म्हणून ती फारशी बदलत नाही. वरून व्हॅनिला नाहीतर चेरीचा वास मारलेली मिक्श्चरं तर मुरतच नाहीत. अत्तर उडून जातं आणि मागे नुसता पाला उरतो. तांदूळ जुना चांगला आणि रवा जुना वाईट, हे ज्या घरात कळतं त्या घरात हेही कळायला हरकत नाही.

लताकियाची गोष्ट आणखी निराळी. सीरियातल्या लताकिया बंदराचं नाव मिरवणारी ही तंबाखू लाकडाच्या धुरावर धुपवून काळी करतात. तिचा वास पहिल्यांदा ऐकणाऱ्याला घरात कुठंतरी सतरंजी जळतेय असं वाटतं. आमच्या शेजारच्या वहिनी एकदा खरोखरच पाण्याची बादली घेऊन आल्या होत्या. ही लताकिया वर्षं उलटतील तशी मवाळ होत जाते. पंधरा-वीस वर्षांनी तिचा मूळचा धूर ओसरलेला असतो. तेव्हा 'जेवढी जुनी तेवढी चांगली' म्हणून डबे कपाटात कोंबणाऱ्यांनाही माझा नमस्कार आहे. माझ्या एका मित्रानं असाच तीस वर्षांचा डबा जपून ठेवला होता. पाच जणांना बोलावून, जवळजवळ सत्यनारायण घातल्याच्या थाटात, त्यानं तो उघडला आणि एक झुरका घेऊन डोळे मिटून म्हणाला, "ही! ही खरी पूर्वीची चव!"

कसली पूर्वीची? पूर्वी ती ताजी होती. ताजी असताना ती जशी लागायची तशी आता जगाच्या पाठीवर कुणालाच लागणं शक्य नाही. नवा डबा घ्यावा तर मिश्रण बदललेलं, जुना फोडावा तर तो मुरून तिसराच झालेला. या खटल्यात साक्षीदारसुद्धा साक्ष देण्यापूर्वी बदलून बसतो. दुकानदारांचं फावतं ते इथंच.

पण मुरणं हा तंबाखूचा स्वभाव आहे, त्यात फसवणूक नाही. शिवाय मी आणलेला डबा नुकताच भरलेला होता. त्याला मुरायला वेळच मिळाला नव्हता. मी भांडतोय ते दुसऱ्या बदलाविषयी.

इथं कंपनीवाले म्हणतात, "पानं दर वर्षी सारखी येत नाहीत, मग मिश्रण कसं सारखं राहील?" कबूल. पाऊस कमीजास्त होतो, पीक कमीजास्त होतं. म्हणूनच मिश्रण करणाऱ्याला कारागीर म्हणायचं. निरनिराळ्या हंगामांची पानं घेऊन, प्रमाण इकडेतिकडे करून, तो चव जागेवर ठेवतो. माझी आजी गोडा मसाला असाच करायची. यंदा मिरची जहाल निघाली तर दोन कमी, धणे बारीक निघाले तर मूठभर जास्त. प्रमाण दर वर्षी बदलायचं आणि मसाला तोच लागायचा. पण दगडफूल महाग झालं म्हणून तिनं ते गाळून त्याजागी दुसरंच काही घातलं असतं आणि वर "मसाला तोच आहे हो, तुझी जीभ बदलली" असं आजोबांना ऐकवलं असतं, तर आजोबा पानावरून उठले असते. चव टिकावी म्हणून प्रमाण बदलणं वेगळं आणि नाव टिकवून चव बदलणं वेगळं. पहिल्याला हातोटी म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते आजोबा सांगायचे, पण ते छापता येणार नाही.

उदाहरणच हवं तर 'थ्री नन्स' घ्या. ग्लासगोच्या बेल कंपनीचं हे जुनं नाव. व्हर्जिनियाच्या पानांबरोबर पेरिक घालून केलेल्या वळकट्यांच्या त्या गोल गोल चकत्या. आता पेरिक म्हणजे सामान्य माल नव्हे. अमेरिकेत लुइझियानामधल्या सेंट जेम्स परगण्यात, एवढ्याशा टापूत ती होते. पानं पिंपात ठासून, आपण लोणच्यावर दगड ठेवतो तशी वरून दाबून, आपल्याच रसात वर्षभर आंबवतात. मधूनमधून उपसून हवा देतात आणि पुन्हा दाबतात. एवढी यातायात असल्यावर ती स्वस्त कशी असेल? पुढे ही तंबाखू डेन्मार्कमध्ये बनू लागली, तेव्हा मिश्रणातून पेरिक गेली आणि केंटकीची धुरावलेली पानं आली. ती पानं वाईट नव्हेत. पण नाव 'थ्री नन्स'च राहिलं. जिच्यामुळे नाव झालं ती घराबाहेर आणि दारावरची पाटी तशीच!

'बाल्कन सोब्रानी'चं असंच. २००५च्या सुमारास ती बंद पडली तेव्हा तिचे भक्त सुतकात गेले. २०११ साली जर्सी बेटावर तिच्याच नावानं पुन्हा निघाली. आता सीरियाची लताकिया बाजारात जवळपास मिळत नाही, येते ती मुख्यतः सायप्रसची. मग ही तीच का? काही म्हणतात तीच, काही म्हणतात छे. दोन्ही पक्ष एकमेकांच्या जिभेचं वय काढतात.

उलट प्रकारही पाहा. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिलनं १९०७ साली दुकान काढलं. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिक्श्चर करून द्यायचं आणि त्याची नोंद नंबर घालून वहीत करायची, ही तिथली रीत. पुढे हे मिक्श्चर बनवण्याचं काम १९८१ साली बेलफास्टला गेलं, २००५च्या सुमारास डेन्मार्कला गेलं आणि २०१८ साली डनहिलच्या नावाची पाइप-तंबाखू बंदच झाली. लगेच पुढच्या वर्षी 'नाइटकॅप', 'अर्ली मॉर्निंग पाइप' वगैरे मंडळी पीटरसनच्या नावानं बाजारात हजर! लग्न होऊन सासरचं आडनाव लावावं तशी. मला हे बरं वाटलं. आडनाव बदललेलं निदान पत्रिकेवर छापलेलं असतं. आडनाव तेच ठेवून नवरीच बदलली तर मांडवात दंगल होईल. डब्यात मात्र होत नाही, कारण पाइपवाल्याच्या तोंडात पाइप असतो.

"अहो, एवढ्याशा तंबाखूचं काय घेऊन बसलात?" असं सौभाग्यवती म्हणतात. मुद्दा तंबाखूचा असता तर मीही गप्प बसलो असतो. पण चाळीस वर्षं ओळखीची असलेली एक गोष्ट माणसाला परकी वाटावी, त्यानं तसं म्हणावं आणि समोरच्यानं त्यालाच खुळ्यात काढावं, हा अपमान तंबाखूचा नाही. म्हाताऱ्या माणसाकडे पैसा नसतो, ताकद नसते. 'हे असं नव्हतं' एवढी आठवणच काय ती त्याच्या मालकीची. ती तरी त्याच्याकडे राहू द्या.

माझ्या मागण्या दोनच आहेत. डबा कधी भरला ती तारीख त्यावर सरळ अक्षरांत छापा, म्हणजे मुरलं किती ते आम्ही बोटांवर मोजू. काही अमेरिकन मंडळी छापतात, त्यानं त्यांचं दिवाळं वाजलेलं नाही. आणि मिश्रण बदललं तर 'बदललं' असं लिहा. जमत नसेल तर नवं नाव ठेवा. बारशाला मी पेढे घेऊन येतो.

हे अशक्य आहे, असं म्हणणाऱ्यांना मी कॅन्सस सिटीच्या मॅक्लेलंडचं नाव सांगतो. १९७७ साली निघालेली कंपनी, व्हर्जिनियासाठी नावाजलेली. हवी तशी तांबडी व्हर्जिनिया पानं मिळेनाशी झाली, तेव्हा पाटी ठेवून आत काहीतरी भरत बसण्याऐवजी त्यांनी २०१८ साली कारखाना बंद केला. त्यांची तंबाखू माझ्या वाट्याला कधी आली नाही. तरी त्या रविवारचा पाइप मी त्यांच्या नावानं ओढला.

तोवर आमच्याकडच्या डब्यांवरची एकच गोष्ट मी विश्वासानं वाचतो. २०१६ सालापासून आपल्या देशात तंबाखूच्या पाकिटाची ८५ टक्के जागा सरकारी इशाऱ्यानं व्यापलेली असते. ते भीषण चित्र अधूनमधून बदलतात आणि विशेष म्हणजे बदलणार असल्याचं आधी जाहीर करतात. मजकूर मात्र खरा असतो. उरलेल्या १५ टक्क्यांत नाव असतं.