बाटली उघडल्यानंतर

गेल्या महिन्यात अंथरुणाला खिळलेल्या एका आजींचे शय्याव्रण पाहण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. सून मनापासून शुश्रूषा करणारी. चादर स्वच्छ, दर दोन तासांनी कूस बदलल्याची वहीत नोंद. व्रणावर मात्र हिरवट स्राव आणि उग्र वास. उशाशी सलाइनची अर्ध्या लिटरची बाटली होती, सुईने भोक पाडलेली. “पंधरा दिवस पुरवली, डॉक्टर,” असे त्यांनी काहीशा अभिमानाने सांगितले. रागावणे मला जमले नाही. उघडलेली बाटली किती दिवस वापरावी हे त्यांना सांगण्याचे काम माझेच होते, आणि ते राहून गेले होते.

हिरवा स्राव पाहिला की सूडोमोनास या जंतूची शंका येते. त्याला वाढण्यास ओलावा पुरतो, अन्न जवळजवळ लागतच नाही. दोष बाटलीचाच होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु संशयाला जागा होती.

महाविद्यालयात असताना सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्ही बफर द्रावण तयार करीत असू. फॉस्फेटचे क्षार आणि मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून त्याचा सामू ७.४ वर, म्हणजे रक्ताच्या जवळपास, आणावयाचा. मग ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवावयाचे. एवढा खटाटोप झाल्यावर ते मोठ्या बाटलीत कधीच ठेवत नसत. लहान लहान बाटल्या, प्रत्येकीवर तारीख. उघडलेली त्याच दिवशी संपवावयाची. उरलेले द्रावण पुन्हा बाटलीत ओतले, तर तेथील वृद्ध सहायक सर्वांदेखत ती बाटली मोरीत रिकामी करीत. “स्वच्छच तर आहे,” असे मी एकदा म्हणालो होतो. प्रत्यक्षात एका मिलिलिटरमध्ये लाखभर जंतू असले तरी द्रावण डोळ्यांना नितळच दिसते.

आपल्या घरातील सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. त्यात जंतूंना रोखणारे काहीही नसते. म्हणून जखमेसाठी १०० मिलिलिटरची बाटली मागावी, उघडताच तारीख व वेळ लिहावी आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. बोळा बाटलीच्या तोंडाला लावू नये. द्रावण वाटीत ओतून घ्यावे, आणि ती वाटीही उकळलेली असावी. घरी मीठपाणी उकळून वापरणारे पुष्कळ आहेत. उकळण्याने बहुतेक जंतू मरतात, बीजाणू मात्र तग धरतात. तेव्हा खोल जखमेसाठी किंवा डोळ्यांसाठी ते वापरू नये.

डोळ्यांच्या थेंबांची गोष्ट थोडी निराळी. त्यांत बहुधा बफर असते, म्हणून ते फारसे झोंबत नाहीत. आणि अनेकांत परिरक्षकही असते. तरीही बहुतेक कुप्या उघडल्यापासून २८ दिवसांनी टाकाव्या लागतात. छापील मुदत न उघडलेल्या कुपीची असते, हे आजोबांना पटवणे सर्वांत कठीण!

त्या आजींचा व्रण अद्याप भरलेला नाही, वास मात्र गेला आहे. सूनबाईंनी बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनने तारीख लिहिली आहे, खाली वेळही.