देवघरातला शाळिग्राम आणि हिमालयाचा धडा

मैत्रिणींनो, भूगोलात हिमालयाचा धडा आला, की आपण मुलांना सांगतो, "घोकून टाक बाबा एकदाचं!" वली पर्वत म्हणजे काय, हे आपल्याला तरी कुठे धड आठवतं? पण पुस्तक जरा बाजूला ठेवा. एक टॉवेल जमिनीवर पसरा, त्याचं एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसरं मुलाला हळूहळू भिंतीकडे ढकलायला सांगा. ज्या वळ्या वर येतील, तो हिमालय! भारताची भूमी उत्तरेकडे सरकत सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली. मध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळाचे थर असेच चेपून वर उचलले गेले.

मुलं म्हणतील, "हिमालयात कसला आलाय समुद्र?" देवघरात शाळिग्राम असेल तर दाखवा. तो येतो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून, आणि त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री जिवाच्या शंखाचा ठसा. आमच्याकडे हे सांगताना मी सासूबाईंपुढे बिचकतच होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे देव पर्वताच्याही आधीचा की गं!" दुसऱ्या दिवशी पूजा नेहमीसारखीच झाली. घरात शाळिग्राम नसेल तर एवढं सांगा, की एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगडसुद्धा समुद्रतळाशी तयार झालेला चुनखडक आहे. आपल्या सह्याद्रीला मात्र टॉवेल चालायचा नाही हं! तो लाव्हाच्या थरांचा. एकावर एक घावन रचून दाखवा.

पुढचा प्रश्न ठरलेला : एवढ्या थंडीत तिथली जनावरं जगतात कशी? दोन सारख्या डब्यांत बर्फाचे सारखे खडे घाला. एक डबी लोकरी स्वेटरात नीट गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा. आधी कुठला बर्फ वितळेल, ते मुलांना विचारा. बहुतेक जण स्वेटरातला म्हणतील. (मीही म्हटलं असतं!) तासाभराने उघडून बघा, स्वेटरातला बर्फ अजून शिल्लक असेल. लोकर स्वतः ऊब देत नाही. तिच्यात अडकलेली हवा उष्णतेला सहजी आत येऊ देत नाही, की बाहेर जाऊ देत नाही. याकच्या लांब केसांखाली अशीच मऊ लोकर असते, आणि विरळ हवेत पुरेसा श्वास मिळावा म्हणून त्याची फुप्फुसंही मोठी असतात. हिमबिबट्याच्या तळव्यांनासुद्धा केस असतात. त्याची जाड, झुपकेदार शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब. झोपताना ती तो तोंडाभोवती गुंडाळून घेतो. थंडीत नाकापर्यंत गोधडी ओढणाऱ्या मुलांना हे लगेच पटतं.